विगखाली वेण्या किती घट्ट घालायच्या?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: चाळिशीतल्या एक वाचक लिहितात, "माझा भांग गेल्या काही वर्षांत रुंद होत गेलाय, टाळूवरचे केस विरळ झालेत. मागचे आणि बाजूचे केस मात्र अजून लांब आणि दाट आहेत. सहा महिन्यांपासून बाहेर जाताना विग घालते. आत अंबाडा घातला तर मागे उंचवटा दिसायचा, म्हणून व्हिडिओ बघून डोक्यालगत बारीक बारीक वेण्या घालायला शिकले. वेणी जितकी घट्ट तितका विग सपाट बसतो आणि घसरत नाही, असं त्यात सांगितलं होतं. एकदा घातल्या की दहा-बारा दिवस सोडत नाही. आता कानशिलांपाशी दुखतं, कपाळाच्या कडेला पुळ्या आल्यात आणि वेण्या सोडल्या की मूठभर केस हातात येतात. मोठी बहीण म्हणते, एवीतेवी विगच घालायचाय तर बारीक कापून टाक. माझं मन धजत नाही. कापले आणि पुन्हा वाढलेच नाहीत तर? वेण्या सैल घातल्या आणि चारचौघांत विग सरकला तर? घरच्यांखेरीज कुणाला काही माहीत नाही. काय करू?"

नमस्कार,

आधी तातडीचं सांगते. आजच वेण्या सोडा आणि पुढचे दोन-तीन आठवडे कपाळालगतच्या आणि कानशिलांवरच्या केसांना कसलाही ओढा बसू देऊ नका. सैल एक वेणी, नाहीतर मानेवर सैल बांधलेले केस, एवढंच. पुळ्यांवर तेल चोळू नका आणि तिथे विगचा गोंद किंवा चिकटपट्टी तर मुळीच लावू नका. दुखणं आणि पुळ्या दोन्ही एकत्र असल्यामुळे त्वचारोगतज्ज्ञांना एकदा दाखवाच. पू दिसत असेल किंवा खपल्या धरत असतील तर एक दिवसही थांबू नका.

मूठभर केसांबद्दल मात्र जरा धीर धरा. कुणाच्याही डोक्यावरून रोज साधारण ५० ते १०० केस गळतात. एरवी ते फणीत, उशीवर, न्हाणीत विखुरतात, म्हणून जाणवत नाहीत. वेण्या बारा दिवस बांधलेल्या असल्या की गळलेला प्रत्येक केस आत अडकून राहतो. म्हणजे सोडताना ६०० ते १२०० केस एकदम हातात येणं हा नुसता साठलेला हिशेब असू शकतो. पुढच्या वेळी ते केस फेकण्याआधी उजेडात बघा. एका टोकाला बारीक पांढरट गाठ असलेला पूर्ण लांबीचा केस हा आपलं आयुष्य संपवून गळलेला केस असतो. आखूड तुकडे जास्त दिसले, दोन्ही टोकांना गाठ नसलेले, तर केस तुटताहेत आणि वेणी घालण्याची किंवा सोडण्याची पद्धत बदलायला हवी.

आता तुमच्या पत्रातल्या त्या वाक्याकडे येते ज्यावर बाकी सगळं उभं आहे: वेणी जितकी घट्ट तितका विग पक्का. माझ्या मते इथेच सगळं बिनसलंय. विगखालच्या वेणीचं काम केसांचा ढीग डोक्यावर सपाट पसरवून ठेवणं, इतकंच आहे. विग जागेवर राहतो तो त्याच्या मापामुळे, आतल्या पट्ट्यांमुळे, कडेच्या पकडीमुळे. वेणी दुप्पट घट्ट घातली तरी तिची जाडी फारशी कमी होत नाही, कारण केस तेवढेच असतात. कमी होते ती मुळांची सहनशक्ती. विग घसरतो आहे असं वाटलं की आपण वेणी आणखी ओढतो आणि मापात चुकलेला विग तसाच राहतो. ज्याला दोष द्यायचा तो विग सुटतो आणि शिक्षा कपाळालगतच्या केसांना होते.

हे मी इतकं लावून धरतेय त्याला कारण आहे. सततच्या ओढीमुळे केस जाण्याची नोंद वैद्यकात १९०७ पासून आहे. ती पहिल्यांदा झाली ग्रीनलंडमधल्या स्त्रियांमध्ये, केस डोक्यावर घट्ट ओढून बांधण्याच्या सवयीमुळे. कपाळाची कड आणि कानशिलं इथे हे आधी दिसतं, कारण तिथले केस बारीक असतात आणि ओढ तिथूनच सुरू होते. सुरुवातीला दुखतं, मुळाशी लालसर पुळ्या येतात, मग ती पट्टी विरळ होते. या टप्प्यावर ओढ थांबवली तर केस बहुतेक वेळा परत येतात. वर्षानुवर्षं चालू राहिलं तर मुळाच्या जागी व्रण धरतो आणि तिथे पुन्हा केस उगवत नाही. आरशात एक खूण बघता येते: कपाळाच्या अगदी कडेला कोवळ्या केसांची झालर शिल्लक असते, पण तिच्या लगेच मागची पट्टी मोकळी झालेली असते. ते कोवळे केस वेणीत सापडत नाहीत म्हणून वाचतात, मागचे सापडतात म्हणून जातात. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून तुम्ही अजून सुरुवातीच्या टप्प्यात आहात असं वाटतं, पण हे डॉक्टरांनी बघून सांगायचं.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती वाचताना मला खरंच हळहळ वाटली. भांग रुंद होणं, टाळू विरळ होणं, मागचे केस दाट राहणं, ही बायकांमध्ये नेहमी दिसणारी केस विरळ होण्याची तऱ्हा आहे. तिच्यात कपाळाची कड सहसा शाबूत राहते. म्हणजे निसर्गानं तुमच्याकडून टाळूवरचे केस घेतले, पण कपाळाची कड ठेवली. आणि विग घालणाऱ्या बाईसाठी ही कड म्हणजे सर्वात मोठी ठेव. तिथले थोडेसे स्वतःचे केस बाहेर काढून विगच्या कडेवर विंचरले की विग कुठे सुरू होतो हे जवळ बसलेल्यालाही कळत नाही. घट्ट वेण्यांनी तुम्ही नेमकी तीच ठेव खर्च करत आहात.

ज्या व्हिडिओवरून शिकलात त्याबद्दलही बोलायला हवं. डोक्यालगत रांगांनी घातलेल्या या वेण्या, ज्यांना कॉर्नरो म्हणतात, आफ्रिकेतल्या आहेत आणि आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांनी त्या पिढ्यान्‌पिढ्या जोपासल्या आहेत. विगखाली किंवा शिवून लावलेल्या केसांखाली त्यांचा पाया करण्याचं कसबही मुख्यतः त्यांचंच. त्यांचे केस दाट कुरळे असतात. एकदा गुंफले की पेड एकमेकांना धरून ठेवतात, वेणी फार न ओढताही टिकते. सरळ, गुळगुळीत केसांची तशीच वेणी दोन दिवसांत सैल पडते. मग सरळ केसांची बाई तीच टिकाऊ रांग मिळवायला जोर लावते आणि तो जोर सगळा मुळांवर जातो. (कुरळ्या केसांना ओढीचा त्रास होत नाही असं मात्र समजू नका. घट्ट वेण्या आणि वर जोडलेल्या केसांचं वजन यांनी त्या स्त्रियांचंही फार नुकसान झालेलं आहे.) तुमचे केस कुरळे आहेत की सरळ ते तुम्ही लिहिलेलं नाही. सरळ असतील तर वेणी बारा दिवस टिकवण्याचा नाद सोडून द्या. दोन-तीन दिवसांनी सोडायची आणि पुन्हा घालायची, असंच तिच्याकडे बघा. कुरळे असतील तर आठवडाभर ठेवायला हरकत नाही, पण आठवड्याला डोकं धुतलं गेलंच पाहिजे.

त्वचा शांत झाली की पुन्हा सुरुवात करताना मी असं करीन. केस आदल्या दिवशी धुवायचे आणि पूर्ण वाळू द्यायचे, मुळांपर्यंत. ओल्या केसावर वेणी घालणं दोन प्रकारे वाईट. ओला केस जास्त ताणला जातो आणि सहज तुटतो. शिवाय वर टोपी आणि विग चढल्यावर आतला ओलावा कोंडून राहतो, मग वास, खाज, कोंडा. गुंता शेंड्यांकडून काढत वर यायचं. तेल लावायचंच असेल तर शेंड्यांना दोन थेंब, कारण मुळाशी तेल असलं की वेणी आणि विग दोन्ही निसटतात.

मग कपाळाची आणि कानशिलांची साधारण बोटभर रुंदीची पट्टी वेगळी काढून मोकळी ठेवायची. वेणी तिच्या मागून सुरू करायची. ही एक सवय लागली तरी निम्मं काम झालं. वेण्या किती, तर सरळ आणि मध्यम दाट केसांना चार पुरतात, फार दाट असतील तर सहा ते आठ. जास्त बारीक वेण्या घातल्या की डोकं जरा सपाट दिसतं हे खरं, पण प्रत्येक वेणीच्या मुळाशी मोजके केस उरतात आणि ओढ त्यांच्यावरच पडते. तुमच्या विरळ टाळूवरून तर वेणी नेऊच नका. तिथले केस नुसते बाजूला विंचरून दाट भागातल्या वेणीत अलगद सामील करा. विगला भांग असेल तर त्या रेषेखाली वेणीचा कंगोरा येऊ देऊ नका, वरून उठून दिसतो.

घट्टपणाची परीक्षा हातानं नाही, चेहऱ्यानं करायची. शेवटचा पेड झाला की भुवया उंच करा, मोठ्यानं हसा, मान दोन्ही बाजूंना वळवा. त्वचा ओढली जातेय असं वाटलं, किंवा मुळाशी कातडी तंबूसारखी वर उचललेली दिसली, तर ती वेणी लगेच सोडा. 'दोन दिवसांत सैल होईल' असं म्हणून कुणी समजूत काढत असेल, मग ती व्यक्ती कितीही अनुभवी असो, ऐकू नका. वेणी घातल्यावर डोकं दुखू नये. दुखण्याची गोळी घ्यावी लागली तर वेणी चुकली.

लांब केसांचा खरा प्रश्न वेण्यांच्या शेपट्यांचा असतो. उंचवटा त्यांचाच दिसतो आणि लोक उगीच मुळाशी घट्ट ओढत बसतात. शेपट्यांची गुंडाळी करून एका जागी अडकवू नका. डोक्याच्या मागे हात फिरवा: हाडाचा एक उंचवटा लागतो आणि त्याच्या खाली, मान सुरू होण्याआधी, खोलगट जागा असते. शेपट्या त्या खोलगट जागेत आणि तिच्या वर दोन्ही कानांच्या दिशेला आडव्या, नागमोडी पसरायच्या, एकावर एक न ठेवता. चपट्या पिनांनी टाचायच्या किंवा जाड सुती दोऱ्यानं, बोथट सुईनं एकमेकींना शिवायच्या. शिवताना टाके केसातून घ्यायचे आणि दोरा आवळायचा नाही. टोकाला उघडं रबर नको, ते काढताना केस घेऊन येतं.

वेण्याच नकोशा वाटत असतील तर तेही चालतं. रंगभूमीवर विगखाली पुष्कळदा वेण्या नसतात. केसांच्या छोट्या बटा बोटाभोवती गुंडाळून चपटी चकती करतात, दोन पिना फुलीसारख्या लावतात, वर जाळीची टोपी घालतात आणि विगच्या पिना त्या चकत्यांमध्ये खोचतात. पकड छान बसते आणि घरी आल्यावर पाच मिनिटांत सगळं मोकळं. खांद्यापर्यंतच्या सरळ केसांना मला ही पद्धत वेणीपेक्षा जास्त आवडते. कमरेपर्यंतच्या केसांना मात्र ती जमत नाही.

आता विग घसरण्याची भीती. वेण्या घालून झाल्यावर डोक्याचं माप घ्या: कपाळाच्या कडेवरून, कानांच्या वरून, मानेच्या खळग्यातून. बाजारातले मध्यम मापाचे विग साधारण ५४ ते ५७ सेंटिमीटरचे असतात. तुमचं माप या पट्ट्याबाहेर जात असेल तर कितीही वेणी घातली तरी तो विग तुमच्या डोक्यावर सुखानं बसणार नाही. मोठा असेल तर मानेवर सरकतो, लहान असेल तर कपाळावरून मागे चढतो. कोणत्या दिशेनं सरकतो हे बघितलं की दोष कुठला ते कळतं. मोठा असेल तर आतल्या मागच्या पट्ट्या आवळा. मग मखमली पकडपट्टी घ्या. ही डोक्याभोवती बांधायची रुंद पट्टी असते, तिचे मऊ तंतू विगच्या आतल्या बाजूला धरून ठेवतात. ती कपाळाच्या कडेच्या जरा मागे बांधा आणि खाली एक बोट सहज जाईल इतपतच आवळा. विगच्या आत छोट्या फण्या शिवलेल्या असतील तर त्यांचे दात वेणीला आडवे जातील अशी वेणीची दिशा ठेवा, आणि कानशिलावरच्या फण्या सरळ उसवून काढून टाका. त्या रोज त्याच जागी रुततात.

हे सगळं करून घरात एक संध्याकाळ विग घालून वावरा. वाका, जिना चढा, पंख्याखाली बसा, मान झटका. घरी विश्वास बसला की बाहेरची धास्ती आपोआप कमी होते. आणि घरी आल्यावर विग लगेच उतरवा. झोपताना तर नकोच.

तुमच्या बहिणीचा सल्ला मला दुष्ट वाटत नाही. तिला तुमचा त्रास दिसतोय. कापलेले केस पुन्हा वाढणार नाहीत ही तुमची भीतीही खरी नाही. कात्री मुळाला शिवत नाही, डोक्यावरचा केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. फक्त त्याचा अर्थ असा की कमरेपर्यंत पुन्हा यायला पाच-सहा वर्षं लागतील, कदाचित तेवढे येणारही नाहीत. तेव्हा 'एवीतेवी' या शब्दावर निर्णय घेऊ नका. विग घातला म्हणून खालचे केस निरुपयोगी होत नाहीत. रात्री विंचरता ते तेच, आजारपणात उशीवर पसरतात ते तेच, आरशासमोर एकट्या असता तेव्हाही तेच असतात. कापावेसे वाटले तर तुम्हाला सुटसुटीत वाटेल म्हणून कापा. बारीक करायची गरजही नाही. खांद्यापर्यंत आणले तरी शेपट्यांचा सगळा प्रश्न संपतो, वजन घटतं आणि वर सांगितलेल्या चकत्या करता येतात. मला विचाराल तर आधी तीन महिने सैल वेण्यांनी काढा, मग ठरवा.

आणि एक वेगळा पर्याय तुम्ही विचारातच घेतलेला दिसत नाही. विरळपणा फक्त टाळूवर असेल तर पूर्ण विगची गरज आहे का? टाळूपुरता केसांचा तुकडा मिळतो, टॉपर म्हणतात त्याला. बाकी सगळे केस तुमचेच मोकळे दिसतात, वेण्या लागतच नाहीत. अडचण एवढीच की तो चापांनी लावतात आणि चाप विरळ केसांवर रोज एकाच जागी लागले तर तीच ओढीची कथा. चाप दाट केसांपर्यंत पोचेल इतका मोठा तुकडा घ्यायचा आणि जागा बदलत राहायची.

कुणाला कळेल, हा घोर मात्र वेण्यांनी सुटणारा नाही. तो मी हलका मानत नाही. पण एक पुतळा तुम्हाला सांगावासा वाटतो. इजिप्तमध्ये मैदूम इथे १८७१ साली राहोतेप आणि नोफ्रेत या जोडप्याचे रंगवलेले चुनखडीचे पुतळे सापडले. इ. स. पूर्व २६०० च्या सुमाराचे. आता ते कैरोत आहेत. नोफ्रेतनं खांद्यापर्यंतचा भरगच्च विग घातलाय आणि कपाळावर, विगच्या कडेखाली, तिचे स्वतःचे विंचरलेले केस स्पष्ट कोरलेले आहेत. राजघराण्याशी नातं असलेल्या बाईच्या पुतळ्यात शिल्पकारानं ते लपवले नाहीत. तुम्ही सगळ्यांना सांगत सुटा असं मी म्हणत नाही. कामाच्या ठिकाणी एका विश्वासाच्या मैत्रिणीला सांगून बघा. विग सरकला तर डोळ्यानं खुणावणारं कुणी असलं की दिवस बराच सोपा जातो.

असंच पत्र लिहायच्या विचारात असलेल्या इतर वाचकांसाठीही दोन गोष्टी. केमोथेरपीमुळे केस जाणार असतील तर वेण्यांच्या भानगडीत पडू नका. उपचार सुरू झाल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांत केस सुटू लागतात आणि त्या काळात टाळू हुळहुळी असते. आखूड केस आणि मऊ सुती टोपी बरी. चाई पडली असेल, म्हणजे गुळगुळीत गोल चट्टे, तर चट्ट्याच्या कडेचे केस कुठल्याही वेणीत ओढू नका. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भराभर गळत असतील तर ते बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप भरून येतात. तोवर महागडा विग घेण्याची घाई नको.

तुम्ही त्वचारोगतज्ज्ञांकडे जाल तेव्हा पुळ्यांबरोबर भांगही दाखवा. पत्रात त्यावर उपचार घेतल्याचा उल्लेख नाही, म्हणून विचारते. अंगातलं लोह आणि थायरॉइड तपासायला हवं का, आणि मिनॉक्सिडिल तुम्हाला चालेल का, हे त्यांना स्पष्ट विचारा. हे औषध टाळूवर लावायचं असतं. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, सुरुवातीला काही आठवडे गळती वाढल्यासारखी वाटते आणि थांबवलं की फायदाही ओसरतो, म्हणून ते मनाची तयारी करून सुरू करायचं. विग उतरवल्यावर रात्री लावता येतं आणि पूर्ण वाळल्याखेरीज वर टोपी चढवायची नाही. जाताना केस धुऊन, तेल न लावता, वेणी न घालता जा, म्हणजे त्यांना कपाळाची कड नीट बघता येईल. आणि विग सोबत न्या, तो रोज नेमका कुठे टेकतो तेही त्यांना दाखवा.